हिंगोलीच्या छावणीतला रविवार

पालम, रविवार, ६ जानेवारी १९७४

रविवार कुणी काढला कोण जाणे! सोमवार ते शनिवार बरं असतं. घंटा होते, पोरी कलकलाट करतात, हेडमास्तर उगाच करवादतात, दिवस जातो. आज केस धुतले. वाळवले. विंचरले. पुन्हा सोडून पुन्हा विंचरले. एवढं करूनही दुपार झाली नव्हती.

घरमालकीण चांगुणाबाई दारात येऊन उभी. ‘बाई, तुमच्याकडं कोनीच कसं येत न्हाई वं?’ म्हटलं, येतात की, तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा. ‘असंल माय,’ म्हणाली नि गेली. धडधडीत खोटं बोलले. एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं बोलायची वेळ यावी! मग स्वतःवरच चिडून भांडी घासली, घासलेलीच.

बुधवार, ९ जानेवारी

शाळा सुटल्यापासून कुणाशी एक अक्षर बोलले नाही. शेवटी डबा उघडून मोठ्यानं म्हणून पाहिलं — ‘मीठ संपलं.’ आवाज आहे अजून.

परभणी, रविवार, १३ जानेवारी

काल शाळा सुटल्यावर एस.टी. धरली नि दादाकडे आले. सूर्यभानदादा माझा थोरला भाऊ, कालव्याच्या ऑफिसात कारकून. वैनी, नि त्यांची एकुलती एक विशाखा — माझी भाची, कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. इथं आलं की बरं वाटतं, आणि निघायची वेळ झाली की वाटतं, आलेच नसते तर बरं झालं असतं.

आज जेवताना दादानं भलतंच टुमणं काढलं. ‘शीला, सव्वीस जानेवारीला जोडून रविवार हाय. हिंगोलीला जाऊन येऊ सगळे. इंग्रजाची जुनी छावणी बघू. आपला आजा तिथं साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार होता. तू इतिहास शिकवतीस अन् अजून बघितली न्हाईस!’

दादाला इतिहासाचा पुळका! जो माणूस घरामागं भिंत पडली तरी बघायला उठत नाही, तो साहेबाचे पडके बंगले बघायला आगगाडीत बसणार? म्हटलं, दादा, तब्येत बरी आहे ना? वैनी फसकन हसली, मग पदर तोंडाला लावला.

दुपारी कळलं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघाले तर आत दोघांची कुजबूज. वैनी विचारत होती, ‘करतात काय?’ दादा म्हणे, ‘ओव्हरसियर हायेत. भुजंग खिल्लारे. हिंगोलीलाच असतात. बायको वारली, लेकरूबाळ न्हाई. माणूस लय सरळ हाय म्हनं.’ मी दारात आले तशी दोघांची बोलती बंद. वैनी उगं डब्यात हात घालून डाळ चाळायला लागली.

हां! म्हणजे छावणी-बिवणी सगळं निमित्त. विशाखाला दाखवायला न्यायचंय. आणि मला सांगायची यांना चोरी! कारण उघड आहे — बत्तीस वर्षांची आत्या घरात तशीच बसलेली, तिच्यासमोर भाचीच्या लग्नाचं कोणत्या तोंडानं बोलायचं? माझं मन दुखेल म्हणून लपवतात. अरे, लपवल्यानं जास्त दुखतं हे एवढ्या मोठ्या माणसांना कळू नये? आणि बीजवर कशाला बघायचा पोरीला? सरकारी नोकरी दिसली की लोकांना बाकी काही दिसत नाही!

मला कळलंय हे दाखवलं नाही. येते म्हणाले. त्या ओव्हरसियरची नीट उलटतपासणी घेते आता.

पालम, सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. शाळेत पोरींनी तिळगूळ दिला, एकीनं तर माझ्या टेबलाखाली सांडला. संध्याकाळी हेडमास्तरांच्या घरी हळदीकुंकू. गल्लीतल्या सगळ्या बायका नटूनथटून गेल्या. मला बोलावणं नाही. एक तर बिनलग्नाची, त्यात आमची जात आडवी. मलाही त्यांच्या वाणाची हौस नाही, आम्ही सोडलं ते सगळं छप्पन्न साली. पण बोलावलं असतं नि मी नाही म्हणाले असते, तर त्यात मजा होती!

शनिवार, १९ जानेवारी

विशाखाला पोहे घेऊन कुणाच्या पुढं जावं लागणार नाही, हे एक बरं. फिरता फिरता बघणं होईल. माझ्या वेळी असं कुणाला सुचलं नाही.

मला किती ठिकाणी दाखवलं त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही, दादानं ठेवला असेल. पाटावर बसायचं, पदर डोक्यावर, खाली मान. नांदेडच्या एका बाईनं उठून चालून दाखव म्हणून सांगितलं. चालले. मग म्हणाली, केस सोडून दाखव. सोडले. निरोप काय, तर पोरगी काळी हाय आणि नोकरी करून शेफारलेली दिसती. नंतर एका मास्तराचं — त्यानं कळवायची तसदीसुद्धा घेतली नाही. आई जिवंत होती तेव्हा. रोज ओसरीवर बसून पोस्टमन कुठवर आला ते बघायची.

मागच्या उन्हाळ्यात मी दादाला स्वच्छ सांगितलं. पुन्हा माझ्यासमोर स्थळाचं नाव काढलंत तर परभणीला पाय ठेवणार नाही. दादा घाबरला. माझा राग त्याला माहीत आहे. तेव्हापासून त्या घरात ‘लग्न’ हा शब्दसुद्धा माझ्यासमोर निघत नाही. मीच केलं हे, आणि मलाच कधी कधी वाटतं, एकदा तरी विचारा रे!

गुरुवार, २४ जानेवारी

वैनीचा एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर निरोप — ‘येताना ती निळी साडी घेऊन या.’ भाचीला बघायला माणूस येणार आणि आत्यानं नटायचं! घरची माणसं चांगली दिसली पाहिजेत म्हणून असेल. घेतली बॅगेत.

परभणी, शनिवार, २६ जानेवारी

सकाळी पालमला झेंडावंदन उरकलं नि तशीच निघाले. आता धपाट्यांचं पीठ भिजवून ठेवलंय, पहाटे करीन. विशाखा एकसारखी माझ्याकडं बघून हसायलीय. नवी नवलाई! मी पण हसले. पोर गोड आहे, तिचं भलं व्हावं. खरंच व्हावं.

परभणी, सोमवार, २८ जानेवारी

आज किरकोळ रजा टाकली. पाय दुखतात हे खरं, पण रजा त्यासाठी नाही. कालचं सगळं आज लिहून काढते, उद्या पोरींच्या कलकलाटात राहणार नाही.

पूर्णेला गाडी बदलून हिंगोलीला उतरलो. प्लॅटफॉर्मवर एक उंच, खांद्यात जरा वाकलेला माणूस उभा, हातात छत्री. जानेवारीत छत्री! दादाला जय भीम, वैनीला जय भीम, मला जय भीम. विशाखाला नुसतं ‘काय शिकता?’ आणि उत्तर ऐकायच्या आधीच टांगा बघायला पळाले. मनात म्हटलं, बरा आहे, पोरीकडं टक लावून बघत तरी नाही. हेच भुजंगराव खिल्लारे. छावणीतला डाक बंगला आणि गोऱ्यांच्या कब्रस्तानाची भिंत यांच्याकडं देखभालीला. छत्री वैनीसाठी आणली होती, उन्हाचा त्रास होईल म्हणून!

छावणीत आता काय उरलंय? फौज निजामाची, वरचे अंमलदार इंग्रज. ते जाऊन सत्तर वर्षं झाली. परेडच्या मैदानात शेळ्या चरतात. एक बंगला, भिंती हातभर जाड, वर छप्पर नाही, मध्ये बाभूळ उगवलेली. भिंतीत शेकोटीची जागा बांधलेली, वर धुराडं. वैनी म्हणाली, ‘आपल्या उन्हात शेकोटी कामून लागत होती ह्येंना?’ मी उत्तर देणार तोवर भुजंगराव म्हणाले, ‘त्येंच्या गावाकडं असती म्हणून इथं बी बांधली. घर आठवत असंल त्येंला.’ मी पुस्तकातलं काहीतरी सांगणार होते, नाही सांगितलं.

मग घोड्यांची पागा. एका लांबच्या लांब भिंतीत लोखंडी कड्या, ओळीनं, घोडे बांधायच्या. दादा एका कडीला हात लावून उभा राहिला. मला वाटलं होतं आजाचं नुसतं निमित्त आहे. पण दादाचा आवाज भरून आला. ‘ह्यातल्याच एखादीला बांधत असंल गं.’ आजाला साहेबाच्या घोड्याला हात लावायची मुभा होती, बुटाला होती, टेबलावर उरलेल्या केकलाही होती. गावातल्या आडाला नव्हती. इंग्रजांची भलावण मी करत नाही, पण हे वर्गात शिकवायला मिळत नाही, ते कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे.

कब्रस्तानापाशी वैनीनं हातपाय गाळले. ‘शीलाबाई, तुमी व्हा म्होरं त्येंच्यासंग. तुमाला इंग्रजी वाचायला येतं. आमी लिंबाखाली बसतो.’ आणि डोळ्यानं खूण केली. समजले! उलटतपासणी कर, असं. दादा नि विशाखाही टुणकन तिच्याशेजारी जाऊन बसली.

आत गेलो. वाकडे झालेले दगड, गुडघाभर गवत, मधले मधले चौथरे मात्र साफ केलेले. मास्तरकीची खोड जात नाही — एका दगडाकडं बोट दाखवून म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं, अडखळत. उच्चार चुकला तो मी सुधारला. दुसरा कुणी असता तर त्याला राग आला असता. यांनी पहिलीतल्या पोरासारखा पुन्हा म्हणून दाखवला, आणि विचारलं, ‘आता जमला का?’ मला हसू आवरेना.

एक थडगं बावीस वर्षांच्या बाईचं. कुण्या लेफ्टनंटाची बायको, पटकीनं गेली, शेजारी बाळाचा टीचभर दगड. त्या मड्डमीच्या चौथऱ्यावर हिरव्या बांगड्यांचा ढीग! हळदकुंकू, लिंबं, कापडाचा पाळणा. इथल्या बायका नवस बोलतात तिला, लेकरू व्हावं म्हणून. जिचं स्वतःचं लेकरू जगलं नाही, तिला! मी भुजंगरावांना झापलंच — तुम्ही सरकारी माणूस, बावीस प्रतिज्ञा घेतलेले, हे चालू कसं देता? ते म्हणाले, ‘बांगड्या भरल्या की उचलून बाजूला ठिवतो. बायांना बोलत न्हाई. लय लांबून येतात. अन् बाई, हिच्याकडं तेवढंच कोनी येतं की. दुसऱ्यांकडं कोनी येत न्हाई.’

मग तपासणी सुरू केली. तोंडात येईल ते विचारलं, आडपडदा ठेवला नाही.

‘पिता का?’

‘न्हाई. बायको गेल्यावर जरा घ्यायलो होतो. सोडली.’

‘कशी सुटली?’

‘एकट्यानं प्यायचा बी कटाळा आला.’

‘जेवायचं काय?’

‘करतो की हातानं. भाकरी चांगली जमती. भाजीचं नाव रोज येगळं ठिवतो, चव तीच.’

‘रविवारी काय करता?’

‘इथंच येतो. गवत काढतो. घरी बसवत न्हाई. शेजारी पाजारी इचारतात, कोन आलं न्हाई का म्हणून. इथं कोनी काय इचारत न्हाई.’

मी त्यांच्याकडं पाहिलं. माणूस मान खाली घालून गवताची काडी उपटत होता. माझा रविवार यांना कुणी सांगितला? मला एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी घाईनं पुढच्या दगडाकडं गेले नि उगाच साल मोठ्यानं वाचलं.

मग त्यांनी विचारलं, ‘पालमला एकटीला करमतं का तुमाला?’

‘न करमायला काय झालं?’ फाडकन बोलले.

‘मला न्हाई करमत,’ ते म्हणाले. बस, एवढंच. लाज नाही, लपवाछपवी नाही. असं म्हणता येतं हे मला माहीतच नव्हतं.

थोड्या वेळानं म्हणाले, ‘झेडपीच्या बाईला हिंगोलीला बदली मिळत असंल न्हाई?’ म्हटलं, मिळेल, पण मला इथं कशाला हवी, माझं कोण आहे इथं? ते ‘व्हय, तेबी खरं’ म्हणाले आणि छत्रीची काडी नीट करत बसले.

डाक बंगल्याच्या ओसरीवर डबे सोडले. धपाटे नि दही. भुजंगराव खाली मांडी घालून बसले, एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्याला संकोचले. मी वाढलंच. ‘कोनी केले?’ म्हणाले. वैनी लगेच, ‘आमच्या शीलाबाईंनी! पहाटे उठून!’ अगं बाई, पोरीचं नाव घ्यायचं सोडून माझं कशाला? वैनीला एवढी साधी युक्ती कळू नये! मी लगबगीनं म्हटलं, विशाखानं थापले, मी नुसतं पीठ भिजवलं. विशाखा ठसका लागेपर्यंत हसली. ‘आत्या, मला कुठं थापता येतं गं!’ सगळेच हसले. भुजंगराव पण हसले. हसताना वेगळाच दिसतो तो माणूस. वाकलेले खांदे वर येतात.

मी जेवणाच्या वेळी कुणाच्या पंगतीत बसून हसलेय त्याला किती काळ लोटला! शाळेत माझा डबा मी खिडकीकडं तोंड करून खाते.

निघताना वैनी मागं राहिली. वळून बघते तर मड्डमीच्या चौथऱ्याला हात लावून तोच हात गालाला लावतेय! म्हटलं, वैनी! ‘नुसता हात लावला वं,’ म्हणाली, आणि दादाच्या मागं लपली.

परतीच्या गाडीत विशाखा मला चिकटून बसली. कानात विचारलं, ‘आत्या, कसे वाटले तुला?’ मी म्हटलं, तुला कसे वाटले ते सांग. ‘मला तर लय आवडले. साधे हायेत. खोटं बोलत न्हाईत.’ आणि माझा दंड दाबला.

झालं. पोरगी राजी आहे.

खिडकीकडं तोंड केलं. काही दिसत नव्हतं बाहेर, तरी केलं. मला माझ्या भाचीचा हेवा वाटला. घ्या, लिहून टाकलं! जिला मी कडेवर घेऊन फिरवली, जिच्या फ्रॉकला मी गुंड्या लावल्या, तिचा. तिला सारं मिळणार आहेच पुढं — वय आहे, रंग आईचा घेतलाय, कॉलेज आहे. नेमका हाच कशाला?

पालम, बुधवार, ३० जानेवारी

वर्गात ‘छावणी’ म्हणताना अडखळले. पोरी बघत राहिल्या. मग म्हटलं, चला, वह्या काढा.

शनिवार, २ फेब्रुवारी

ते जावई होतील. सणाला येतील. वाकून नमस्कार करतील नि ‘आत्याबाई’ म्हणतील. मी ताट वाढीन. विशाखा सांगेल, ह्यांना आत्याच्या हातचे धपाटे आवडतात. मी थापीन. आणि पुन्हा पालमची गाडी धरीन.

नाही. मला नाही जमायचं हे.

रविवार, ३ फेब्रुवारी

दादा आला! पालमला! मला इथं नोकरी लागली तेव्हा सामान टाकायला आला होता, त्यानंतर आज. चांगुणाबाईला बोलावून दाखवला — बघा, माझा भाऊ! ती म्हणे, ‘असतात व्हय भाऊ!’

चहा केला. दादा कपाकडं बघत बसला. कान चोळले. पंचा घडी करून पुन्हा सोडला. मग म्हणाला, ‘हिंगोलीचे ते खिल्लारे. माणूस कसा वाटला तुला?’

आलं का! मी वाटच बघत होते.

‘तुझ्या मनात काय हाय ते साफ सांग,’ तो म्हणाला. ‘तू म्हणशील तसंच व्हईल. मी जबरदस्ती करनार न्हाई.’

घरात शिकलेली मी एकटी, म्हणून माझा शब्द. दादानं मला एवढा मान दिला, आणि मी काय केलं? म्हणाले, ‘नको दादा. हे स्थळ नको.’

‘नीट इचार केलास?’

‘केला.’

‘माणूस चांगला हाय पण. सगळे चांगलं म्हणतात.’

‘असेल चांगला. एकटा राहून राहून घुमा झालेला माणूस आहे. त्याच्या घरात बाई सुकून जाईल. बोलणं पुढं नेऊ नकोस.’

दादाचा चेहरा उतरला. एवढा उतरला की मला वाटलं, सांगून टाकावं — दादा, खोटं आहे हे सगळं, तो घुमा नाही, तो बोलतो, मी ऐकलंय. पण मी नुसते कप गोळा केले. दादा उठला. डोक्यावर हात ठेवला माझ्या, आई ठेवायची तसा. ‘तुझी मर्जी. आता पुन्हा कधी इषय काढनार न्हाई.’

विषय कशाला नाही काढणार? पोरीचं दुसरं स्थळ बघायचंच की! पण त्याला एवढं लागलं, त्या माणसात त्याचाही जीव गुंतला होता म्हणायचा. एस.टी.वर सोडायला गेले. गाडी हलली तरी मी हात हलवला नाही, का कोण जाणे.

बुधवार, ६ फेब्रुवारी

ताप नाही, खोकला नाही. जेवण जात नाही. चांगुणाबाईनं कढण आणून दिलं. ‘बाई, कामून खंगायलाव?’ म्हटलं, हवा बदलली. कुठली हवा! पालमची हवा काय बदलणार!

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मी वाईट बाई आहे का? सारखा हाच विचार. एका सरळ माणसाचं घर पुन्हा उभं राहात होतं. माझ्या भाचीला मनाजोगा नवरा मिळत होता. मी दोघांच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहिले. कशासाठी? मला मिळत नाही म्हणून! नांदेडची ती बाई माझ्यापेक्षा बरी, तिनं निदान खरं कारण सांगितलं.

तो या रविवारीही गवत काढायला गेला असेल. निरोप गेला असेल का त्याच्यापर्यंत? पुन्हा भाजीला वेगळं नाव ठेवत असेल.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

ठरलं. शनिवारी शाळा सुटली की परभणी. दादाला सांगते, मी चुकले. वयाचं अंतर असू दे, बीजवर असू दे, पोरीला आवडलाय, द्या. लग्नात मी स्वतः धपाटे करीन सगळ्यांना. रडायचं असेल ते आधी रडून घेते, तिथं रडायचं नाही.

हे लिहिलं आणि बऱ्याच दिवसांनी भूक लागली. शिळी भाकर होती, तेल-तिखटाबरोबर अख्खी खाल्ली.

परभणी, रविवार, १७ फेब्रुवारी

काल दारातूनच बोलले, चपला काढायच्या आधी. वैनी, माझं चुकलं, माणूस लाखात एक आहे, विशाखाला डोळे झाकून द्या त्यांच्या घरी.

वैनीचे हात पिठात होते, तसेच राहिले. ‘विशाखाला? आवं, तिचं कोन बघायलंय! पोरगी शिकायलीय अजून. तुमाला दाखवायला नेलं होतं की! तसं सांगितलं असतं तर आल्या असत्या का तुमी? आमाला वाटलं, तुमाला समजलंय. किती बोलत होतात त्येंच्यासंग! अन् ह्ये पालमला इचारायला आले, तवा तुमीच न्हाई म्हणलात.’

‘मग आता?’ मी विचारलं. मी! विचारलं!

वैनी रडायलाच लागली. दादानं नकार कळवला, तशी तिकडं त्यांच्या मावशीनं घाई केली. वसमतची मुलगी. परवाच सुपारी फुटली.

‘त्येंनी तर त्याच दिशी, आपली गाडी हलायच्या आधी, ह्येंना व्हय म्हणून सांगितलं होतं,’ वैनी म्हणाली.

म्हणजे मी पसंत पडले होते.